विमानावर वीज पडते तेव्हां

वैशाख सरत आला, कीं पनवेलच्या पूर्वेस माथेरान आणि प्रबळगड यांच्या माथ्यांवर तिसऱ्या प्रहरीं काळे ढग जमूं लागतात. दिवसभराच्या उकाड्यानें जीव कासावीस झालेला असतो. इतक्यांत वारा सुटतो, धुळीचे लोट उठतात, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सारें आकाश लखकन् उजळून निघतें. अशाच एका वळवाच्या संध्याकाळीं आम्ही शाळेच्या व्हरांड्यांत कांहीं विद्यार्थ्यांसह पाऊस उघडण्याची वाट पाहत उभे होतों. दूर ढगांच्या कडेनें एक विमान चाललें होतें. त्याच्यामागें वीज चमकली, आणि एका लहान मुलानें आमचा हात घट्ट धरून विचारलें, "सर, ती विमानावर पडली तर आंतल्या माणसांचें काय होईल? माझे बाबा उद्यां विमानानेंच येणार आहेत."

प्रश्न लहान मुलाचा असला तरी तो लहान नव्हता. आपल्या पनवेल तालुक्यांतच नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें, आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरपासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. ज्या घरांतून पूर्वीं कोणी आगगाडीपलीकडचा प्रवास केला नव्हता, त्या घरांतील मुलगे-मुली आतां विमानानें परगांवीं जातात. त्यांना निरोप देऊन परतलेल्या आईबापांच्या मनांत, आकाश गरजूं लागलें कीं, त्या मुलाचीच शंका पालीसारखी चुकचुकते. म्हणून त्या दिवशीं आम्हीं जें तोंडीं सांगितलें, तेंच येथें अंमळ विस्तारानें मांडीत आहों.

आधीं मुख्य उत्तर सांगून टाकूं. विमानावर वीज पडणें ही क्वचित् घडणारी गोष्ट नव्हे. उतारूंची ने-आण करणाऱ्या प्रत्येक विमानावर सरासरीनें वर्षांतून एकदां वीज पडते. त्या वेळीं मोठा आवाज होतो, प्रकाशानें डोळे दिपतात. परंतु बहुतेक प्रसंगीं यापलीकडे उतारूंना कांहीं जाणवत नाहीं, आणि विमान सुखरूप खालीं उतरतें. मात्र ही सुरक्षितता विमानास जन्मतः लाभलेली नाहीं. ती माणसानें विचार करून, चुका करून, आणि कांहीं प्रसंगीं प्राणांचें मोल देऊन मिळविली आहे. ती कशी, हें समजण्यासाठीं वीज म्हणजे काय येथूनच आरंभ केला पाहिजे.

उंच वाढलेल्या ढगांत बर्फाचे सूक्ष्म कण वर जात असतात व जड गारा खालीं येत असतात. त्यांच्या टकरींमुळें विद्युद्भार वेगळे होतात. धनभार बहुधा ढगाच्या माथ्याकडे व ऋणभार खालच्या अंगास साठतो. हवा ही विजेची वाट अडविणारी आहे. परंतु दोन भारांमधील ताण अतोनात वाढला म्हणजे तो अडसर मोडतो आणि प्रवाह धांवूं लागतो. घरांतील इस्त्री सुमारें चार-पांच ॲम्पियर प्रवाह घेते. आकाशांतील विजेचा एक सामान्य झोत ३०,००० ॲम्पियरचा असतो, आणि विमानें बांधणारे तर २,००,००० ॲम्पियरचा झोत येईल असें गृहीत धरून तयारी करतात. त्याच्या वाटेवरील हवा सुमारें ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पांचपट, तापते. हा सारा खेळ बहुधा एका सेकंदाच्या आंत आटोपतो. आणि मुख्य झोत तर शून्यापासून आपल्या शिखरास पोहोंचण्यास सेकंदाच्या दहा लाखांव्या भागांपैकीं अवघे कांहीं भाग घेतो. हा वेग वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील बहुतेक गोष्टींचें मर्म त्यांतच आहे.

चौकस विद्यार्थी येथें विचारील, कीं झाडाचा किंवा मनोऱ्याचा जमिनीशीं संबंध असतो म्हणून त्यांवर वीज पडते. विमान तर अधांतरीं असतें, मग त्यावर ती कां पडावी? याचें उत्तर असें. विमान हें लांबट वाहक आहे. भारलेल्या ढगांजवळून तें जाऊं लागलें, कीं त्याच्या नाकाशीं, पंखांच्या टोकांशीं व शेपटाशीं विजेचा ताण एकवटतो. मग एका टोकाकडून एक ठिणगी एका भाराकडे व दुसऱ्या टोकाकडून दुसरी ठिणगी विरुद्ध भाराकडे वाट काढीत निघते. दोन्ही वाटा पोहोंचल्या म्हणजे विमान त्या सांखळीतला एक दुवा होऊन बसतें: वीज एका टोकानें शिरते व दुसऱ्या टोकानें बाहेर जाते. दहापैकीं सुमारें नऊ प्रसंगीं वीज विमानाला शोधीत आलेली नसते. विमानानेंच तिला जागें केलेलें असतें.

तर मग आंतलीं माणसें वांचतात कशीं? १८३६ सालीं मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानें एक खोली धातूच्या पत्र्यानें मढविली, यंत्रें घेऊन तो स्वतः आंत गेला, आणि बाहेरून त्या खोलीवर विजेचे प्रखर झोत सोडविले. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आंत यंत्रांना विजेचा मागमूसही लागला नाहीं. बंद धातूच्या पेटीवर आलेली वीज पेटीच्या अंगावरूनच निघून जाते, हें त्यानें सिद्ध केलें. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें विमान ही अशीच एक लांब पेटी आहे. वीज तिच्या अंगावरून वाहते, आणि तेवढ्यांत विमान पुढें सरकलेलें असल्यामुळें विजेचा स्पर्श मागें मागें घसरत जातो. खालीं उतरल्यावर पत्र्यावर बारीक जळके ठिपके ओळीनें सांपडतात. जणूं कोणी तापलेल्या सुईनें टाके घातले आहेत.

परंतु विमान म्हणजे फॅरडेची पुरती बंद खोली नव्हे. त्याला खिडक्या असतात, दारें असतात, बाहेर दिवे व बिनतारी यंत्राचे खांब असतात. नाकावरील टोपण तर मुद्दाम धातूचें करीत नाहींत, कारण त्याच्या आंतील रडारच्या लहरी त्यांतून बाहेर गेल्या पाहिजेत. आणि पंखांच्या पोटांत इंधन भरलेलें असतें. या उणिवांची किंमत जगाला एकदां फार मोठी द्यावी लागली. ८ डिसेंबर १९६३ रोजीं अमेरिकेंत मेरीलँड संस्थानांतील एल्कटन गांवाजवळ एक बोईंग ७०७ विमान उतरण्याच्या परवानगीची वाट पाहत वादळांत घिरट्या घालीत असतां त्यावर वीज पडली. डाव्या पंखाच्या टांकींतील इंधनाची वाफ पेटली, आणि विमानांतील ८१ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. त्या दिवसानंतर इंधनाच्या टांक्या, त्यांचीं झांकणें व वाफ बाहेर सोडणाऱ्या नळ्या यांच्यापाशीं ठिणगी मुळींच उडूं नये, यासाठीं कसून संशोधन झालें व नियम कडक होत गेले.

आतां विमानाच्या विद्युत्-यंत्रणेकडे वळूं. माणसाच्या शरीरांत जशा शिरा व मज्जातंतू, तसें विमानांत तारांचें जाळें असतें. मोठ्या विमानांतील तारा एकीपुढें एक जोडल्या तर त्यांची लांबी शेंकडों किलोमीटर भरेल. पुष्कळशा विमानांत इंजिनाबरोबर फिरणारीं जनित्रें ११५ व्होल्ट दाबाची व सेकंदास ४०० आवर्तनांची वीज पुरवितात. कांहीं उपकरणांना २८ व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. आणि ज्या गणकयंत्रांवर आजच्या वैमानिकाची सारी भिस्त असते, त्यांच्या पोटांतील सूक्ष्म भाग पांच व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाबावर चालतात. अशा नाजूक संसाराला आकाशांतील वीज दोन रीतींनीं पीडा देते.

पहिली रीत उघड आहे. पंखाच्या टोकाचा दिवा फुटला किंवा बाहेरील खांबावर वीज पडली, तर त्याला जोडलेल्या तारेच्या वाटेनेंच ती आंत शिरूं पाहते. दुसरी रीत मात्र गूढ आहे. कारण तींत वीज तारेला शिवतही नाहीं. ती समजण्यासाठीं फार दूर जावयास नको. आपल्या रायगड जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें अलिबाग, तेथील एका जुन्या हकीकतीनें ती उत्तम समजते.

अलिबागेस पृथ्वीच्या चुंबकत्वाचें मोजमाप करणारी वेधशाळा आहे. हें काम पूर्वीं मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत चालत असे. पुढें मुंबईंत घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेची ट्राम आणण्याचें ठरलें, तेव्हां वेधशाळेचे प्रमुख नानाभाई फ्रामजी मूस यांच्यापुढें मोठा पेंच पडला. ट्राम कांहीं वेधशाळेच्या भिंतीस घासून जाणार नव्हती, कीं तिची तार त्यांच्या यंत्रांस जोडली जाणार नव्हती. परंतु वाहत्या विजेभोंवतीं चुंबकीय प्रभाव पसरतो, आणि नाजूक चुंबकसूचीला तो दुरूनही हालवितो. म्हणून त्यांनीं अलिबागची जागा निवडली. तेथें लोखंड टाळून पोरबंदरी दगडाची वास्तु बांधली गेली, १९०४ सालीं काम सुरू झालें, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणचीं मापें एकमेकांशीं ताडून पाहण्यांत आलीं. १९०७ मध्यें मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली, तोंवर चुंबकसूची खाडीपार सुखरूप पोहोंचल्या होत्या.

एका ट्रामच्या प्रवाहानें जर यंत्रांना गांव सोडावयास लावलें, तर विमानाच्या पत्र्यावरून वाहणारे हजारों ॲम्पियर काय करतील? त्यांत आणखी एक गोष्ट आहे. चुंबकीय प्रभाव बदलत असला म्हणजे जवळच्या तारेंत आपोआप विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें फॅरडेनेंच १८३१ सालीं शोधून काढलें. आणि हा बदल जितका झपाट्याचा, तितका तारेंतला दाब अधिक. विजेचा झोत किती त्वरेनें शिखर गांठतो हें आपण वर पाहिलेंच. म्हणून वीज बाहेरच्या बाहेर निघून गेली, तरी तिचा प्रभाव खिडक्यांतून, फटींतून व बिनधातूच्या भागांतून आंत झिरपतो, आणि क्षणार्धापुरता कां होईना, तारांत शेंकडों व्होल्टचा दाब उठवूं शकतो. पांच व्होल्टवर चालणाऱ्या यंत्राला तो म्हणजे पणतींत घागर रिकामी केल्यासारखें होय.

अशा वेळीं काय घडतें, याचीं तीन उदाहरणें सांगतों. त्यांतील दोन अग्निबाणांचीं आहेत, परंतु बोध तोच आहे. १४ नोव्हेंबर १९६९ रोजीं अपोलो १२ हें यान तिघां अंतराळवीरांसह चंद्राकडे निघालें. साडेछत्तीस सेकंदांनीं एकदां व ५२ व्या सेकंदास पुन्हां त्यावर वीज पडली. यानाला वीज पुरविणारे घट संरक्षक कळांनीं आपोआप अलग केले, आणि जमिनीवर येणारे आकडे निरर्थक दिसूं लागले. नियंत्रण कक्षांतील जॉन ॲरन या तरुणास, पूर्वीं एका चांचणींत असेच विचित्र आकडे दिसल्याचें आठवलें. त्यानें एक विशिष्ट कळ दुय्यम पुरवठ्यावर फिरविण्यास सांगितलें, आणि आकडे पुन्हां नीट उमटूं लागले. अग्निबाणाचा स्वतःचा मार्गदर्शक गणक निराळा असल्यामुळें तो या साऱ्या गोंधळांतही सरळ वर जातच होता. मग घट पुन्हां जोडण्यांत आले, आणि ते वीर चंद्रावर जाऊन सुखरूप परतले.

दुसऱ्या उदाहरणाचा शेवट असा झाला नाहीं. २६ मार्च १९८७ रोजीं अमेरिकेंतूनच सुटलेल्या ॲटलस-सेंटॉर या निर्मनुष्य अग्निबाणावर वीज पडली. बाहेरून फारसें कांहीं बिघडलें नव्हतें. केवळ त्याच्या गणकाच्या स्मृतींतील एक नोंद बदलली. तेवढ्यानें त्यास भलतीकडे वळण्याची आज्ञा मिळाली व तो मोडून पडला. तिसरें उदाहरण विमानाचें आहे. ५ मे २०१९ रोजीं मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावरून निघालेल्या सुखोई सुपरजेट विमानावर वीज पडली. त्याचा स्वयंचालक बंद पडला, बिनतारी संभाषणांत व्यत्यय आला, आणि गणकाचें साहाय्य उणावल्यामुळें विमान हातानें हांकावें लागलें. इंधनानें जड असलेलें तें विमान परत उतरतांना धांवपट्टीवर आदळून उसळलें, पेटलें, आणि ४१ जणांचे प्राण गेले. विजेनें विमान आकाशांतून पाडलें नाहीं; तिनें त्याचीं साधनें हिरावून घेतलीं, आणि पुढचा अनर्थ जमिनीवर घडला. विद्युत्-यंत्रणा जपणें म्हणजे वैमानिकाचे हातपाय जपणें होय, तें यासाठीं.

हें जपणें कसें साधतात? नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं येथें पेन्सिल हातीं घ्यावी. ओहमचा नियम त्यांस ठाऊक आहेच: प्रवाहाला रोधानें गुणलें म्हणजे दाब मिळतो. विमानाच्या दोन भागांमधील सांध्याचा रोध ०·००२५ ओहमच्या आंत असावा, असा एक प्रचलित दंडक आहे. आतां २,००,००० ॲम्पियरना ०·००२५ नें गुणा: ५०० व्होल्ट येतात. तोच सांधा गंजून त्याचा रोध एक ओहम झाला, तर उत्तर येईल २,००,००० व्होल्ट! इतका दाब येण्यापूर्वींच वीज तो सांधा सोडून, ठिणगीच्या रूपानें, तारांतून किंवा इंधनाजवळून दुसरी वाट काढील. म्हणून विमानाचा प्रत्येक भाग दुसऱ्याशीं धातूनें नीट जोडलेला असतो. आणि पंखांवरील हालत्या फळ्यांच्या बिजागऱ्यांपाशीं विणलेल्या तारेचे लवचीक पट्टे बसविलेले असतात. विजेला अडवावयाचें नाहीं, तर तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड व मोकळी वाट द्यावयाची, हें या शास्त्राचें सार आहे.

यापुढचे उपाय थोडक्यांत सांगतों. नाजूक तारांवर धातूच्या जाळीचें वेष्टन चढवितात व तें विमानाच्या अंगाशीं जोडतात. यंत्रांच्या तोंडाशीं, जादा दाब परस्पर बाजूला वळविणारे रक्षक ठेवतात. एकाच कामासाठीं दोन-तीन संच ठेवून त्यांच्या तारा निरनिराळ्या मार्गांनीं नेतात, म्हणजे एक गेला तरी दुसरा उरतो. बोईंग ७८७ सारख्या नव्या विमानांचें अंग पत्र्याऐवजीं बव्हंशीं कार्बनच्या तंतूंचें व राळेचें असतें. त्यांतून वीज सहज वाहत नाहीं, म्हणून त्यांच्या रंगाखालीं धातूची बारीक जाळी पसरलेली असते. पंखाच्या मागील कडेस ज्या बारीक काड्या दिसतात, त्या वीज ओढून घेण्यासाठीं आहेत असा पुष्कळांचा समज आहे, पण तो बरोबर नाहीं; हवेच्या व पावसाच्या घर्षणानें विमानावर साठणारा भार हळूहळू सोडून देऊन बिनतारी संभाषणांतील खरखर टाळणें हें त्यांचें काम. हें सारें ज्ञान केवळ कागदावर मिळालेलें नाहीं. १९८० ते १९८६ या काळांत अमेरिकेच्या नासा संस्थेनें एफ-१०६ जातीचें एक विमान मुद्दाम वादळांत नेलें, आणि त्यानें ७१४ वेळां वीज अंगावर घेऊन तिचीं मापें आणून दिलीं.

इतकें असूनही शहाणा वैमानिक विजेची परीक्षा पाहत नाहीं. नाकांतील रडारवर त्याला पुढचा पाऊस दिसतो, आणि उग्र वादळापासून सुमारें वीस सागरी मैल, म्हणजे सदतीस किलोमीटर, दूर राहण्याचा त्याचा प्रयत्न असतो. वीज पडलीच, तर विमान उतरल्यावर कारागीर त्याचें अंग तपासतात: ठिपके मोजतात, पट्टे पाहतात, सांध्यांचा रोध मापतात. आपल्या कोंकणच्या खाऱ्या, दमट हवेंत खिडकीचे गज व सायकलीचे बोल्ट किती लवकर गंजतात हें आपण जाणतोंच. खाडीकांठच्या विमानतळावर एखाद्या फिटरनें मध्यरात्रीं घासून स्वच्छ केलेला एक सांधा कोणा उतारूच्या दृष्टीस कधींच पडत नाहीं; परंतु शेंकडों जीवांचा भार त्यावर असतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां तें काम करूं लागेल, तेव्हां त्यानें हें विसरूं नये.

शेवटीं पालकांस एक विनंति. आकाशांतल्या उतारूभोंवतीं धातूचें कवच असतें. शेतांत लावणी करणाऱ्या माणसाभोंवतीं तें नसतें. आपली खरी काळजी तिकडे हवी. ढग गरजूं लागतांच उघडें शेत, मैदान, तळें व एकटें झाड सोडून पक्क्या घराचा किंवा बंद मोटारीचा आसरा घ्यावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तिनानें भागावें, म्हणजे ती किती किलोमीटरांवर आहे हें कळतें. परंतु गडगडाट ऐकूं आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोंचूं शकते, असेंच समजावें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाची मोबाईलवरील सोय केली आहे. ती आसपासच्या विजेची पूर्वसूचना देते. ती प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं असावी.

त्या मुलाचे वडील दुसऱ्या दिवशीं घरीं आले, पण बरेच उशिरां. ढग टाळण्यासाठीं विमानानें लांबचा वळसा घेतला होता. सकाळीं शाळेंत तें सांगतांना तो मुलगा हंसत होता. "सर," तो म्हणाला, "बाबा उशीर झाला म्हणून कुरकुरत होते. मीं त्यांना सांगितलें, तो उशीर नव्हता. विमान विजेला वाट देत होतें."